जीपचं इंजिन विहिरीत

माझा थोरला भाऊ उमरग्याला, हायवेवरच्या गॅरेजात मिस्त्री होता. ट्रकच्या धडकेत चेपलेली एक जुनी जीप त्यानं भंगारात घेतली. पत्रा गेला होता, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं शाबूत होती. त्या सामानावर तो गावी, आमच्या अंगणात स्वतःची गाडी बांधायला बसला. लोखंडी अँगल जोडून सांगाडा केला, तेलाच्या पिंपांचे पत्रे ठोकून वरचं अंग केलं, आणि मोडीत निघालेल्या एसटीचा बाक सीट म्हणून बसवला. गाडी दिसायला कणगीला चाकं लावल्यासारखी होती. लोक विचारायचे, "मिस्त्री, हिच्यात ज्वारी किती मावंल?" तो हसायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या होत्या. एकदा आपल्या हातची गाडी घेऊन हैदराबादच्या रस्त्याला लागायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

गाडी अंगणात पहिल्यांदा सुरू झाली ते दुष्काळाचं वर्ष. गावच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की शेंदताना बायकांच्या हातांची सालं निघत. सोसायटीनं पंप आणला होता. चेअरमननी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि सहकारावर भाषणही केलं. फक्त इंजिन यायचं होतं. ते मंजूर होतं. मंजूर झालेल्या वस्तूंत आमच्याकडे एकच दोष असायचा, त्या दिसत नसत.

एका सकाळी चेअरमन आमच्याकडे आले आणि त्यांनी गाडीचं फार कौतुक केलं. तेव्हाच मला शंका आली. मग त्यांनी इंजिन मागितलं. ते गेल्यावर आई ज्वारी पाखडता पाखडता भावाला म्हणाली, "आधी हिरीवर न्हे. गाडीचं मग बघू."

"मग म्हंजे कधी?"

"पाऊस आल्यावर." तिनं सुपातून मान वर केली नाही.

भावानं स्वतःच इंजिन उतरवलं आणि दोरांनी बांधून विहिरीतल्या कट्ट्यावर, पंपाशेजारी सोडलं. सुरू करायला थोडं पेट्रोल, पुढं रॉकेल. रेशनचं रॉकेल घरांनी पाळीपाळीनं द्यायचं ठरलं; ज्याची पाळी, त्याच्या घरी दिवा नाही. यावर कुणी भाषण केलं नाही, म्हणून ते नीट चाललं.

पाऊस आला. भावानं इंजिन वर काढून सुरू केलं आणि बराच वेळ कान लावून ऐकलं. धूर निळसर येत होता.

"आतनं झिजलंय," तो म्हणाला. "पाणी वढंल अजून. गाडी वढायचं न्हाय."

त्यानं ते परत विहिरीत सोडायला लावलं. सोसायटीचं इंजिन अजून मंजूरच होतं. दुसरं इंजिन घ्यायचं बोलणं त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

जनावरं चारा-छावणीतून परतल्यावर शेजाऱ्यानं गाडीचा मागचा ॲक्सल आणि दोन चाकं मागितली. भावानं ती त्याच्या बैलगाडीला नीट बसवून दिली. रबरी चाकांनी धक्के बसत नाहीत, म्हणून आई बाजाराला तिच्यातूनच जायला लागली. भाऊही निघायचा, पण सायकलवर, बराच मागून. शेजारी गाडी थांबवून त्याला वर बस म्हणायचा. तो एकदाही बसला नाही.