आई दुखणं वाढवून सांगायची

आमच्या चिखलीत डॉक्टरकडे गेलं की दुखणं थोडं वाढवून सांगतात. खोटं कोणी बोलत नाही, फक्त भर घालतात. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते आणि कंपाउंडर मान वर करून पाहत नाही. पण छातीत दुखतं म्हटलं की आधी आत घेतात. आईने हे फार वर्षांपूर्वी हेरलं होतं. गुडघा असो की खोकला, शेवटी ती "अन् छातीतबी दुखते" हे जोडायचीच. मग डॉक्टर छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढत, एक सलाईन लावत, आणि बाईसाहेब खुशीत घरी येत. मी शेजारी बसून मनातल्या मनात निम्मं वजा करायची.

ही आई सहा महिन्यांसाठी माझ्या धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेली. तिसऱ्याच आठवड्यात, संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. आदल्या दिवशी आईने इथून नेलेला ठेचा उपाशीपोटी खाल्ला, जळजळ सुरू झाली, म्हणून त्याने तिला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोनवरच्या हिंदी दुभाष्याने विचारलं, और कहाँ दर्द है? आईने सवयीने छातीवर हात ठेवला. दहापैकी किती, असं विचारल्यावर म्हणाली, आठ. पैकीच्या पैकी कोण देतं, हा तिचा हिशोब.

झालं. तेव्हापासून ती पलंगावर होती, अंगभर वायरी. पट्टी चांगली आली होती. रक्ताची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा चांगली आली. तरी डॉक्टर म्हणत होते, अँजिओग्राफी करून खात्री करू. वय आहे, बीपी आहे, घरी सोडलं आणि काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. आईची किडनी आधीच कमजोर. अँजिओग्राफीत नसेतून सोडतात ते औषध तिला झेपणार नाही, हे आमच्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. तिथल्या डॉक्टरांनाही ते माहीत होतं. औषध धुऊन जायला सलाईन जास्त देऊ, म्हणाले.

"ताई, तूच सांग," भाऊ म्हणाला, "तुले माहीत आहे ती कशी बोलते ते. खरंच दुखून राह्यलं असंल का? विम्यावाले म्हणतात बीपी जुनं आहे, हृदयाचं काहीच देणार नाही. एका रात्रीच्या पैशात चिखलीत दोन खोल्या बांधून होतात."

माझ्या डोक्यात रागच गेला. हे सगळं तो आईच्या उशाशी उभा राहून बोलत होता. मी म्हटलं, फोन तिला दे.

"आई, खरं सांग. छातीत दुखतं का?"

"नाही वं. काईच नाही दुखत. घरी ने म्हण त्याले."

मी म्हटलं, घेऊन ये घरी. भावाने 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशा कागदावर सही केली आणि तिकडच्या दुपारी तिला घरी आणलं. इकडे मला फोन ठेवतानाच इतकं हलकं वाटलं की ती मेथी तशीच राहिली, आम्ही पिठलं-भाकरीवर भागवलं.

दुसऱ्या संध्याकाळी आईचा चेहरा फोनमध्ये नीट दिसेना. स्वयंपाकघरातल्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलत होती.

"दुखत होतं थोडं. पण दोन खोल्या म्हणला तो, तं मले वाटलं, एवढं कुठं दुखते."

"आणि आता?"

"हाय तसंच. त्याले नको सांगू."

वीस वर्षं मी तिच्या बोलण्यातलं निम्मं वजा करत आले होते. आता त्यात किती मिळवायचं ते मला कळेना. तिने आधी सवयीने वाढवलं होतं की आता पैशासाठी कमी केलं होतं? आठ खरे, शून्य खरं, की हे 'थोडं' खरं? भाऊ ऑफिसात होता. तीनदा फोन वाजला, चौथ्यांदा त्याने उचलला. मी सांगून टाकलं. त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, हो. नक्की मला काहीच नव्हतं.

त्याने तिला परत त्याच दवाखान्यात नेलं आणि अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या नळ्या स्वच्छ निघाल्या. जळजळ ठेच्याचीच होती, पित्ताच्या गोळीने थांबली. पण पंधरा दिवसांत पाय सुजले. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलं ते आजवर खाली आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, औषधामुळेही असेल, वयामुळेही असेल. भाऊ अजून दवाखान्याच्या बिलाचे हप्ते भरतो आहे आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आई आता माझ्याकडेच असते. महिन्यातून एकदा मी तिला रक्त तपासायला बुलढाण्याला नेते. डॉक्टर विचारतात, आजी, काही त्रास? आजी हसून सांगते, "काई नाही, मस्त हाय." डॉक्टर माझ्याकडे पाहतात, मी खाली पाहते. मग आम्ही दोघी बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघत बसतो. मागच्या खेपेला ती म्हणाली, "खरंच मस्त हाय वं, तू काऊन बसून राहतं? चाल घरी." मी हो म्हटलं आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत जागची हलले नाही. माझा विश्वास नाही हे तिला कळलं. तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्या शेजारी पुन्हा टेकून बसली.