दुधनेतल्या नगरीची भिंत

माझे मार्गदर्शक सर साडेदहाला देवगाव फाट्यावर पोचणार होते. सव्वानऊला मी धरणामागे, उन्हाळ्यानं उघड्या पडलेल्या दुधनेच्या पात्रात उभी होते, आणि माझ्यासमोरची प्राचीन भिंत आठ दिवसांत दोन हात उंच झाली होती. ढासळलेले दगड पुन्हा जागच्या जागी बसवलेले, फटींत चिखल लिंपलेला. चिखल अजून ओला होता.

आधी ही भिंत माझी कशी झाली ते सांगते. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि सहा वर्षं एका बुडालेल्या नगरीच्या मागे लागले होते. आमच्या झरी गावात लहानपणी ती गोष्ट अर्धीमुर्धी कानावर आली होती. दुधनेच्या काठी सात गल्ल्यांची एक श्रीमंत नगरी होती म्हणे. दुष्काळात एक मेंढरं राखणारी बाई तहानलेलं कोकरू कडेवर घेऊन दारोदार फिरली, कुणी ओंजळभर पाणी दिलं नाही, आणि मग नदीनं अख्खी नगरी पोटात घेतली. पीएचडीला मी हाच विषय घेतला तेव्हा वडील म्हणाले, "बुडालेलं कशाला उकरायलीस? उभं हाय त्यातलं काही बघ की." मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. माझं असंच असतं, खरं बोलणाऱ्याचा मला आधी राग येतो.

गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगणारी एकच बाई मला सापडली. साठीतली, मेंढपाळाची बायको. नवरा-बायको आणि शंभरेक मेंढरं, उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला त्यांचा मुक्काम असायचा. मी त्यांना मावशी म्हणायचे. कोणत्या गल्लीत कुणाचं दार होतं आणि कोणत्या दारात काय उत्तर मिळालं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तीन वर्षं तीनदा मी त्यांच्याकडून गोष्ट वदवून घेतली आणि ताडून पाहिली. एक घर इकडचं तिकडे झालं नाही. माझ्या प्रबंधातली तीन प्रकरणं या एका बाईच्या आठवणीवर उभी होती, आणि तसं मी तिथे मोठ्या दिमाखात लिहिलंही होतं.

पण सरांचं म्हणणं, नुसत्या गोष्टीवर इतिहास होत नाही, हातात काहीतरी ठोस पाहिजे. ते ठोस मला आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मिळालं. पाणी इतकं खाली गेलं होतं की पुराच्या धारेपासून बाजूला असलेल्या एका डोहापाशी दगडी भिंत वर आली. वळण घेत गेलेली, चाळीसेक पावलं लांब, एका टोकाला माणूस जेमतेम शिरेल एवढी वाट. मावशींचा मुक्काम त्या आठवड्यात दुसरीकडे हलला होता, मी एकटीच होते. आनंदानं रडले. दगडांच्या फटींत लोकरीचे पुंजके अडकले होते. मेंढ्यांनी अंग घासलं असेल म्हणून मी ते एकेक उपसून टाकले आणि मगच फोटो काढले. फोटो फार स्वच्छ आले. एक पेपरात छापून आला, एक सरांनी परिषदेत पडद्यावर दाखवला. तेव्हापासून मी जरा हवेतच होते.

आता सर भिंत प्रत्यक्ष पाहून पाचव्या प्रकरणावर सही करणार होते. प्रबंध सादर करायची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. सही नाही तर प्रबंध नाही, इतकं ते सरळ होतं. आठ दिवसांपूर्वी मी मावशींना सांगून आले होते की आमचे सर ती डोहावरची भिंत बघायला येणार आहेत, तुम्ही थांबा, त्यांना नगरीची गोष्ट सांगा.

मावशी थांबल्या होत्या. भिंतीच्या आत कमरेएवढ्या पाण्यात मेंढरं दाटली होती. काका, म्हणजे त्यांचे यजमान, एकेका मेंढीला धरून तिची लोकर खसाखसा चोळत होते. मावशी चिखलाचे हात झटकत माझ्याकडे आल्या.

"बघा ताई, कशी झालीय. दोन दिस आमी दोघं हेच करायलोत. पाव्हणे बघायला येणार म्हणल्यावर पडकी कशी दाखवायची?"

"मावशी," मी म्हणाले, "ही भिंत कुणाची आहे?"

"कुणाची म्हंजे? आमचीच. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावं लागत्यात. त्या तोंडातनं एकेक आत घ्यायचं, धुवायचं, वर काढायचं. लग्न होऊन आले त्या साली मी आन सासऱ्यानं रचली. पोटात थोरली व्हती माझ्या. मग धरण आलं, पाण्याखाली गेली. मागल्या उन्हाळ्यात उघडी पडली तवा परत वापरायला लागलोत."

लोकरीचे ते पुंजके मला आठवले. पुरावा माझ्या चिमटीत होता आणि मी तो वाऱ्यावर सोडला होता.

"मला कधी सांगितलं का नाही?"

"तुमी नगरीचं इचारायचात, मी नगरीचं सांगायची. मेंढरं कुठं धुता, हे कवा इचारलात?"

त्या शांतपणे म्हणाल्या, त्यात टोमणा नव्हता. मला मात्र टोमणा असता तर बरं वाटलं असतं. घड्याळात साडेनऊ झाले होते. मी ओढणी कमरेला बांधली आणि भिंतीवरचे नवे दगड काढून फेकायला लागले. निदान वरचा थर तरी जाईल, चिखल तरी दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मावशी "ताई, ताई" करत राहिल्या. काका पाण्यातून ओरडले. चार दगड निघाले तशी एक मेंढी त्या खिंडारातून उडी मारून बाहेर गेली आणि पलीकडच्या गाळात रुतली. पोटापर्यंत आत, मान तेवढी वर. लोकर भिजलेली मेंढी किती जड होते ते मला तोवर माहीत नव्हतं. काका आडवे झोपून तिच्याकडे सरकले, मावशींनी त्यांचे पाय धरले, मी मावशींना धरलं. दोनदा ती हातातून निसटली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा काकांच्या कोपरांची सालटी निघाली होती. मी काढलेले चार दगड त्यांनी उचलले आणि परत भिंतीवर बसवले.

तेवढ्यात फोन वाजला. सर वेळेआधीच फाट्यावर आले होते. मी त्यांना रस्ता सांगितला, आवाज नीट ठेवून.

सरांनी गाडी बाभळीखाली लावली. ते पात्रात उतरले, भिंत पाहिली, मेंढरं पाहिली, ओला चिखल बोटानं दाबून पाहिला. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी त्यांना सासरा, धरण, पोटातली थोरली, सगळं सांगून टाकलं. सर हसून मान हलवत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन गेले.

"वरचं यांनी रचलंय, ते दिसतंच आहे. पाया जुना असणार."

"पायाही त्यांनीच घातलाय, सर."

"असं त्या म्हणतात. वय झालंय त्यांचं. मी परिषदेत काय दाखवलंय ते तुम्हाला माहीत आहे. आत्ताच टिपणवहीत घ्या, निवेदक महिलेची स्मरणशक्ती विश्वसनीय नाही. तळटीप म्हणून जाईल. मी आज सही करतो."

मी वही काढली आणि लिहिलं. कुणी हात धरून लिहायला लावलं नाही. अक्षरही चांगलं आलं.

मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. सरांनी नको म्हटलं आणि ते गाडीकडे वळले. "काय म्हणायलेत सर?" मावशींनी मला विचारलं. खोटं बोलायला सुचलं नाही म्हणून मी खरं सांगितलं. "तुम्हाला नीट आठवत नाही असं लिहायचं म्हणतायत. तसं लिहिलं तर माझं काम होईल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग लिहून टाका की. सहा वर्सं हिंडायलात तुमी, आमी बघितलंय. मला येडी लिहिलं तर माझं काय जायलंय? मेंढरांना थोडंच वाचता येतंय?" आणि मग विचारलं, "लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणाले.

"लय बरं झालं," म्हणून त्या परत पाण्यात उतरल्या. पाठमोऱ्या मावशी एका मेंढीला भिंतीच्या तोंडातून आत घेताना दिसल्या आणि मला स्वतःची लाज वाटली. सात गल्ल्या, तीन वर्षं, एक घर न चुकवणारी बाई. माझ्याजवळ जी नगरी होती ती तिच्या डोक्यात होती, आणि मी एका भिंतीसाठी ती पुसायला निघाले होते.

मी गाडीपाशी गेले. वहीतली ओळ सरांसमोर खोडली. "यांची आठवण चुकीची असेल तर पहिली तीन प्रकरणंही फाडावी लागतील, सर. भिंत धनगरांची आहे, तसंच लिहीन."

"मग सही नाही."

"नसू द्या."

माझा आवाज चढला होता. सर न रागावता म्हणाले, "तुम्ही फार घाई करता," आणि गेले. खरं तर आमच्यात त्यांनीच घाई केली नव्हती का, हे मी अजून मनात घोळवते. मुदत संपली. वाढवून मिळावी म्हणून केलेला अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून आहे, आणि पेपरला मी स्वतः पत्र पाठवून भिंतीचा खुलासा केला, तो कुणी छापला नाही.

यंदा मावशी देवगाव फाट्यावर भेटल्या. बसमधून उतरत होत्या. काकांची, मेंढरांची चौकशी झाली. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "मला येडी लिहिलेला कागद कामाला आला ना ताई? झालात ना पास?"

"आला," मी म्हणाले. "झाले."

त्या इतक्या खूश झाल्या की शेजारच्या बाईला सांगायला लागल्या. मी त्यांची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.