दोर बांधलेला असताना

तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, ही सवय अंगी मुरलेली. त्यात माझ्या पतीची स्मृती पुसली जाऊ लागली आणि माझी प्रार्थनाही थांबली. अशा कोरड्या मनाने मी ह्यांना घेऊन अमेरिकेत नोव्हाय या गावी लेकीकडे राहायला आले.

घरामागे तळे आहे आणि पलीकडे कॅथलिक चर्च. तिथली घंटा युरोपातल्या एका मध्ययुगीन कॅथेड्रलसाठी ओतलेली. तिथला मनोरा उतरवला गेला तेव्हा स्थलांतरितांनी ती इकडे आणली. धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी ती पूर्वी तासन्‌तास वाजवत, असे चर्चची देखभाल करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते.

गुड फ्रायडेच्या दुपारी मी स्वयंपाकघरात असताना दार उघडून हे कधी बाहेर पडले, कळलेच नाही. बाहेर दाट धुके, तळ्यावरचा बर्फ विरघळत आलेला. मी लेकीला फोन केला. “आई, मी निघालेय, पोलिसांना कॉल करते. तू घर सोडू नकोस. बाबा परत आले तर?” तिचे म्हणणे योग्य होते. पण तेवढ्यात घंटा वाजू लागली. संथ, जड, जणू पाण्याखालून. मी घरातल्या चपलांनिशीच त्या दिशेने निघाले. पावलापुढचे दिसत नव्हते. आवाज मात्र कधी समोरून येई, कधी अगदी कानाशी.

हे तळ्याच्या काठावर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. एक पाऊल बर्फावर टेकलेले, आणि त्या बर्फाखाली पाणी हलत होते. मी ह्यांचा दंड घट्ट धरला. त्याच क्षणी घंटा थांबली.

“अहो, इथे काय करताय?”

“आरती चालली होती ना,” हे शांतपणे म्हणाले. “मधूनच कसं जायचं?”

रविवारी मी आभार मानायला चर्चमध्ये गेले. त्या गृहस्थांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले की, ईस्टरआधीच्या गुरुवारच्या रात्रीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा वाजवायची नाही, असा मध्ययुगापासूनचा नियम आहे. त्या दिवसांत लाकडी फळ्या आपटून भाविकांना बोलावतात. शुक्रवारी घंटेचा दोर त्यांनी स्वतः वर बांधून ठेवला होता. आसपास दुसरी घंटा नाही.

ह्यांचा आजार वाढतोच आहे. आता माझे नावही त्यांना पुष्कळदा सापडत नाही. रोज रात्री मी दाराला कुलूप लावते, किल्ली उशाखाली ठेवते. आणि माझ्या हातचे तेवढे झाले की उरलेले त्याच्यावर सोपवून, कृतज्ञतेने डोळे मिटते. आता झोप लागते.