डोळ्यांतले थेंब

दहिसरच्या चाळीत आमच्या खोलीत दर गुरुवारी दत्ताची आरती व्हायची. गिरणीतून आल्यावर बाबा अंघोळ करून झांजा घेऊन बसत आणि शेजारपाजारची मंडळी दारात दाटीने उभी राहत. त्या आरतीवर मी लहानाची मोठी झाले. पण सदुसष्टाव्या वर्षी मुलुंडच्या इस्पितळात पडून असताना मला तिची एक ओळही म्हणावीशी वाटेना, एवढी भक्ती करूनही हे दुखणं वाट्याला आलं म्हणून इतकी मी दत्तावर रुसले होते.

भाजी निवडता निवडता चक्कर येऊन पडले होते. नाडी मिनिटाला जेमतेम छत्तीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालपर्यंत नीट पोहोचत नाही. जुना झटका, रक्तातले क्षार, एखादं औषध, वय, अशी कारणं असतात. झटक्याची खूण नव्हती, रक्त ठीक होतं, गोळ्यांतही काही सापडलं नाही. म्हणजे वयच, असं धरून पेसमेकर बसवायचं ठरलं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंची बहीण दुपारी येऊन बसायची. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेली, मालवणकडची. तिच्याशी बोलताना मी कितीतरी वर्षांनी चाळीत रमले. बाबांच्या झांजा, प्रसादाचा गोड शिरा, पूर आलेली नदी बघायला धावणारी आम्ही पोरं. बोलता बोलता सवयीने उशीखालची बाटली काढून डोळ्यांत थेंब घातले. तिने बाटलीकडे बोट दाखवलं.

"ह्ये कधीपासून घालतंस?"

"दोन महिने झाले. काचबिंदूचे आहेत."

"डॉक्टरांका सांगितलंस?"

मला थोडा रागच आला. डोळ्यांचं औषध हृदयाच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं? तिने वाद घातला नाही. बाटली उचलून सरळ त्यांच्याकडे गेली.

डॉक्टरांनी बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. हे थेंब नाकावाटे रक्तात उतरतात आणि एखाद्याच्या हृदयाची गती अडवतात, असं ते म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी औषध बदललं आणि मला मॉनिटरवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी नाडी चौसष्ट झाली. पेसमेकर आता नको, पण तपासणीला येत राहायचं, असं ठरलं.

त्या सकाळी मला तपासणीला नेलं होतं. परत आले तर शेजारची खाट रिकामी. दोघी बहिणी घरी गेल्या होत्या.

रुसून मी देवाकडे काही मागितलंही नव्हतं. तिला कुणी पाठवलं की ती आपली सहज आली, ते मला ठाऊक नाही आणि ठरवायचंही नाही. सगळं आपल्यालाच कळतं हा हट्ट सुटला, एवढं खरं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. आता हात जोडले की दत्ताच्या आधी तिचाच चेहरा समोर येतो, आणि मी तो बाजूला सारत नाही.