थांबले तो आकडा

बाबांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि त्याबरोबर शब्द गेले. समजत सगळं होतं. पेपरातली बातमी वाचून दाखवली की ते चिडायचेसुद्धा, पण चिडल्यावर बोलायला तोंडात काही यायचं नाही. एका वाक्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला घाम फोडणारा माणूस, त्याला आता चहात साखर जास्त झालीये एवढंही सांगता येईना. आईबाबांचा संसार मुळात एकमेकांना टोमणे मारण्यावर चाललेला. आता आई एकटीच मारायची आणि सवयीने उत्तरासाठी थांबायची. ते थांबणं मला बघवत नसे.

स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं की बोलणं गेलं तरी ओळीने मोजणं बऱ्याचदा शाबूत राहतं. ते खरं निघालं. ‘पाच म्हणा’ म्हटलं की बाबा नुसते बघत राहायचे, पण एकपासून सुरुवात करून दिली की पाचावर बरोबर थांबायचे. कोजागिरीला गच्चीवर तंबोल्याचे आकडे हेच पुकारायचे, आणि आता एका आकड्यासाठी पहिल्यापासून चढत जावं लागत होतं.

मी प्रोग्रामर आहे. दर शनिवारी शहराबाहेरच्या मांजरीहून शनिवार पेठेत आईबाबांकडे यायचे आणि दोघांची तोंडं बघून परत जायचे. रडत बसण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी बाबांपुरती एक छोटी भाषा तयार केली, चौकटीतली घरं रंगवून चित्र काढायची. तिच्यात आकड्यांशिवाय काही नव्हतं. आधी रंगाचा आकडा, मग त्या रंगाची घरं किती. तीन आणि चार म्हणजे हिरवी चार घरं. ओळ भरली की खालची ओळ. बाबा मोजायचे, थांबून डाव्या हाताने गादीवर थाप मारायचे, थांबले तो आकडा मी टाइप करायचे आणि लॅपटॉपवर घरं रंगायची. काळा सारखा लागतो म्हणून तो एकवर ठेवला. लाल राहता राहता नऊवर गेला.

“बालवाडी काढलीस का?” आई म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात बाबांनी कप काढला. कपात तपकिरी रंगाची एक ओळ आणि तळाला पांढऱ्याच पांढऱ्या ओळी. मला वाटलं, चुकले. आई चष्मा लावून जवळ आली आणि म्हणाली, “साखर दाखवतायत. उद्यापासून बिनसाखरेचा देते.” बाबा हसले. किती दिवसांनी त्यांनी टोमणा मारला होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

मग एका शनिवारी त्यांनी चेहरा काढायला घेतला. आई समोरच गवार मोडत बसली होती, तिच्याकडे बघून ते मोजत होते. केसांसाठी सहावर थांबले. सहा म्हणजे पांढरा. “बाबा, आईचे केस काळे आहेत. एक म्हणा, सोपं आहे,” मी म्हटलं. आई महिन्याच्या महिन्याला न चुकता केस काळे करायची. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सहापर्यंत गेले. सगळे केस पांढरे केले.

कपाळाच्या ओळीत मधलं घर आलं. बाबा सातापर्यंत गेले, अडखळले. पुन्हा एकपासून, या वेळी पाचावरच तुटलं. कपाळावर घाम आला होता. आई म्हणाली, “राहू द्या हो. टिकली नसली तर काय बिघडतं?” बाबांनी गादीवर इतक्या जोरात हात आपटला की मी दचकले. मग डोळे मिटून सावकाश, एकेक आकडा धरून ते नवापर्यंत पोचले आणि थाप मारली.

“ही म्हातारी कोण?” आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं. मलाही तेव्हाच कळलं. ती आईच होती, पुढची, बाबा नसतानाची. तरी टिकली लावलेली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

पावसाळा संपता संपता बाबा गेले. टिकली काढ असं आईला सांगायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. एक लांबची मामी आडून आडून सुचवायला आली, तिला मी चहाही विचारला नाही. ते चित्र छापून मी फ्रिजवर लावलं. तरी आईने टिकली काढली ती काढलीच. केस काळे करणंही सोडलं. आता ते पांढरेशुभ्र झालेत आणि कपाळ मोकळं आहे. मला ते बघून रडू येतं आणि रागही येतो.

परवा मी भांडलेच. “अगं, त्या एका घरासाठी त्यांनी किती आटापिटा केला. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नाही का तुला?”

“कळलं गं,” आई म्हणाली. “पण यांचं कधी ऐकलंय मी? आता मी एकदम ऐकायला लागले, तर हे खरंच गेले असं होईल.”