कुंकवाचा डाग पडलेलं रिव्हॉल्व्हर

आमच्या ह्यांनी न्यूझीलंडला आल्यावर एकच छंद लावून घेतला. बंदुकीची काळी दारू ठासून उडवायची जुन्या घाटाची रिव्हॉल्व्हरं. जुनी नव्हेत हं. फार जुन्या अमेरिकी नमुन्यांवरून हल्ली इटलीत बनवतात, त्या नकला. पण नकला म्हणजे खेळणी नव्हेत. खऱ्याखुऱ्या उडतात, त्यांना लायसन लागतं, तिजोरी लागते. ह्यांच्याकडे दोन होती, एक पितळी अंगाचं आणि एक पोलादी.

हे गेले आणि घरात लायसनवालं कुणी उरलं नाही. नेमबाजीच्या क्लबातले ह्यांचे मित्र, एक गोरे म्हातारेबुवा, त्याच आठवड्यात दोन्ही आपल्या तिजोरीत घेऊन गेले. नियमच तसा. तिकडे पापाटोएटोला राहणारा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बरं झालं, एक ताप गेला." मी हो म्हटलं. त्याला काय सांगायचं? शनिवारी दुपारी हे क्लबातून यायचे तेव्हा माझी किटली तयार असायची. ह्या दारूची काजळी तेलाने निघत नाही, गरम पाणी आणि साबणच लागतो. हे खोलून द्यायचे, मी धुवायची. सिंकभर सडक्या अंड्यांचा वास. मी कुरकुरायची, हे हसायचे. आठवड्यातलं आमचं खरं बोलणं त्या सिंकपाशी व्हायचं. आता शनिवारी मी किटली लावते ती एका कप चहाची.

मग एकदा म्हातारेबुवा दोन्ही पेट्या घेऊन आले. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार करून टेबलाशी बसले. रिकार्टनला राहणाऱ्या एका लायसनवाल्याला एक हवं होतं, दुसरं ते स्वतः ठेवणार होते. "कुठलं जाऊ द्यायचं, ते तुम्हीच ठरवा."

दोन्ही समोर ठेवली. पितळी दिसायला देखणं. ह्यांनी ते पहिलं घेतलं, त्या चकाकीला भुलून. मी देवाच्या समईबरोबर त्यालाही चिंच लावायची, असं झळकायचं की बस. पण पितळ पडलं मऊ. फार बार काढले की अंग ताणलं जातं, नळी सैल पडते. वरून उघडंही आहे, बार पेटवणारी इवलीशी तांब्याची टोपी असते, ती फुटून तिचा तुकडा आत पडला की सगळं अडकून बसतं. पोलादी म्हणजे आपला लोखंडी तवा. रूप नाही, पण वरून पट्टी आहे, कितीही उडवा, हलत नाही.

"तुम्हाला पितळीच ठेवावंसं वाटेल," म्हातारेबुवा म्हणाले. "आणि पोलादीवर हा डाग आहे. मी घासून, पोलादाला परत काळा रंग चढवून पाठवीन. त्याला कळणारही नाही."

तो डाग खंडेनवमीचा. शस्त्रपूजा हवीच, म्हणून ह्यांनी दोन्ही पाटावर मांडली आणि ओलं हळदकुंकू लावलं. मांडलेली शस्त्रं दसऱ्यापर्यंत पुसायची नाहीत. आणि उघड्यावर ठेवायची नाहीत, हा पोलिसांचा नियम. मग काय, कुंकवासकट तिजोरीत. बाहेर काढली तर पितळ जसंच्या तसं आणि पोलादावर बोटाएवढा गंज.

म्हातारेबुवांना हे सांगितलं तर पोट धरून हसले. "सहा महिने तुमचा नवरा मला म्हणत होता की पेटीतच ओल होती."

"तुमच्यासमोर हे कसं कबूल करतील? पितळी पाठवा. पण त्या माणसाला सांगा, दारू थोडी घाल म्हणावं. आणि हा डाग घासायचा नाही."

"बरं. मग पोलादीने मी दर शनिवारी बार काढीन."

मी पेट्यांकडे बघत राहिले. मग धीर करून विचारलं, "आणि धुता कुठे?"

"घरी. गॅरेजात."

"घरी जायच्या आधी इकडे आणाल? पाणी मी गरम ठेवीन. तुम्ही समोर बसा, नियम मोडायला नको."

त्यांनी पोलादीच्या पेटीचं झाकण लावलं. त्यांचीही बायको नाही, हे मला तेव्हा आठवलं. "स्वीट अ‍ॅज," म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत झकास. "खायला काय?"

"पोहे. तिखट कमी."

पुढच्या शनिवारी खरंच आले. मी पाणी ओतलं, काजळी सुटली, तोच वास. नळी पुसताना अंगठा बरोबर डागावर आला. त्यांना खोलून जोडता छान येतं, पण आमच्या ह्यांच्यासारखं मधेच थांबून "बघ, बघ" म्हणत नाहीत. पोहे खाल्ले, पेटीला कुलूप घातलं, गेले.

त्यांच्या गाडीचा आवाज गेल्यावर मी सवयीने खिडकीशी गेले. वास जावा म्हणून मी दर शनिवारी ती उघडायची. त्या दिवशी उघडली नाही.