हार्डडिस्क अजून वापरात आहे

थांबाकाकांना खरं नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवरसुद्धा आता धड वाचता येत नसे. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करायचं, ते कापून-जोडून वर गाणी चढवायची आणि पेनड्राइव्हवर भरून द्यायचं, हा त्यांचा धंदा. पेनड्राइव्ह काढण्याआधी कॉम्प्युटरची परवानगी घ्यायची, हा त्यांचा धर्म. गिऱ्हाइकाने हात पुढे केला रे केला की काका ओरडत, "थांबा!" मग बटण दाबायचं आणि 'आता काढायला हरकत नाही' अशी पाटी पडद्यावर येईपर्यंत गिऱ्हाइकाने मुकाट उभं राहायचं. कधी पाटी उलटीच येई : अजून वापरात आहे, नंतर बघा. तेव्हा तर काकांना देवही हलवू शकत नसे. "कॉम्प्युटर उगाच नाही म्हणत नाही," ते सांगत. "आत कुणीतरी काहीतरी उघडं ठेवलंय. ते शोधायचं, बंद करायचं, मग निघायचं." असं ताटकळत ठेवलेला एक नवरदेव शेवटी वैतागून म्हणाला होता, "काका, याहून कमी वेळात आमचं लग्न लागलं."

घरातही तोच कायदा. मुलीने कॅमेऱ्याचं कार्ड नुसतं ओढलं तरी काका भरल्या ताटावरून उठून धावत. "मी पडले तेव्हा इतके धावले नव्हते," असं काकू ज्याला त्याला सांगत.

ही एकुलती एक मुलगी दूरदेशी नोकरीला निघाली. काका रडले-बिडले नाहीत. त्यांनी त्याहून भयंकर गोष्ट केली : तिच्या जन्मापासूनचं झाडून सगळं शूटिंग, तिला सोबत द्यायला, एका हार्डडिस्कवर भरायला घेतलं. कुणी काही विचारलं की 'कामात आहे' म्हणायला तेवढीच सोय.

निघायच्या दुपारी टॅक्सी दारात आली, बॅगा डिकीत गेल्या, आणि हार्डडिस्क अजून कॉम्प्युटरलाच लटकलेली. काकांनी बटण दाबलं. पाटी आली : अजून वापरात आहे.

खरं सांगायचं तर ती पाटी बघून काकांना आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. ते सावकाश एकेक प्रोग्राम बंद करू लागले. बंद केलेला पुन्हा उघडून, नीट बंद झाला होता ना, तेही बघू लागले. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

"बाबा, सरळ कॉम्प्युटरच बंद करा ना."

"हा म्हातारा बंद व्हायला अर्धा तास घेतो. जरा धीर धर."

"अहो, विमान काय तुमचं गिऱ्हाईक आहे?" काकू दारातून कडाडल्या.

मुलीने वाकून हार्डडिस्कची वायर धरली आणि उपटली.

"थांब!" काका किंचाळले. "गेलं! सगळं गेलं! आता काही उघडायचं नाही त्यात!" तिने त्यांना घट्ट मिठी मारली, तेव्हाही ते हेच म्हणत होते. नीट जा, सांभाळून राहा, पोचल्यावर कळव, हे सगळं त्यांनी आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही, आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळली.

काका पुन्हा खुर्चीत येऊन बसले. गुन्हेगार शोधायचा होता. तो पडद्याच्या तळाशी दडून बसलेला सापडला : डिस्कवरचाच एक उघडा व्हिडिओ, आता थिजलेला. त्यात टकलू, दोन दातांची त्यांची लेक कॅमेऱ्याकडे पहिलं पाऊल टाकत होती. सकाळी काका तो बघत बसले होते आणि काकू चहा घेऊन आल्यावर त्यांनी घाईघाईने खाली लपवला होता. म्हणजे कॉम्प्युटर खरं तेच बोलत होता. काकांनी हे काकूंना सांगितलं नाही. उलट उरलेला दिवसभर घोकत राहिले, "डिस्क गेली असणार."

हळूहळू त्या घोकण्यात उमेद येऊ लागली. डिस्क गेली असेल तर दुरुस्त करायला लागेल. अनोळखी माणसाच्या हातात ती द्यायची नाही, म्हणजे पोरीला ती घेऊन इकडेच यायला लागणार. जन्मभर लोकांच्या फाइली जिवापाड जपलेला हा माणूस स्वतःच्या मुलीचं अख्खं बालपण खराब झालेलं असावं, म्हणून देवाला साकडं घालत होता. आपलीच लाज वाटत होती, तरी साकडं चालूच होतं.

मग दोन दिवसांनी तिचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"बाबा, रात्रभर बघत बसले होते. सगळं उघडलं. एकही फाइल गेली नाही. तुम्ही उगाच घाबरता."

काकांचा चेहरा पडला.

"वरून ठीकच दिसतं," ते म्हणाले. "आत काय झालंय ते नंतर कळतं. एकदा घेऊन ये. मी तपासून देतो."

"एवढ्यासाठी येऊ? कुरिअरने पाठवते ना."

काकांनी काकूंकडे पाहिलं. आता ही बाई काहीतरी टोमणा मारणार, म्हणून ते मान खाली घालून बसले.

काकूंनी फोन तोंडाजवळ घेतला.

"कुरिअरने नको गं," त्या म्हणाल्या. "ते आपटतात. तूच घेऊन ये. खराबच झाली असणार ती."